कडेची नजर

यंत्र सुरू झालं तेव्हा मला सगळ्यांत आधी दिसली ती डॉक्टरांच्या टेबलावरची पाण्याची बाटली. मग बाटलीवरची बोटं, मग त्या बोटांची मालकीण डॉ. त्रिशला मगदूम. चार वर्षं माझ्या नजरेच्या मधोमध एक राखाडी भोक होतं. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. त्या भोकात आता बारीक ठिपके उजळत होते आणि ठिपक्यांतून वस्तू उभ्या राहत होत्या.

"घाई करू नका, आजी," डॉक्टर म्हणाल्या. "आता सावकाश डावीकडे बघा. कोण आहे?"

डावीकडे रेणू होती. माझी एकुलती एक मुलगी, अठ्ठावन्न वर्षांची. कपाळ आलं, भुवया आल्या, नाक, हनुवटी. मग डावा गाल आला, आणि तो स्वच्छ होता. डोळ्याच्या खालपासून जबड्यापर्यंत पसरलेला तिचा जांभळट लाल डाग, जन्मापासूनचा, तिथे नव्हता.

मी रडायच्या बेताला आले. "अगं, लेझर केव्हा केलंस? बोलली नाहीस ती."

रेणूचा चेहरा हसत होता. त्या हसऱ्या चेहऱ्यातून तिचा आवाज आला, "मी काही केलेलं नाही, आई."

आवाज आणि चेहरा यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. ते मला तिथेच खटकायला हवं होतं. मी मात्र गालाकडे बघत राहिले.

*

मी एकोणीसशे शहात्तर साली मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बोळात, मुजावर फोटो स्टुडिओत रिटचिंगच्या कामाला लागले. तेव्हा एकोणीस वर्षांची होते. ते काम काय असायचं हे आता सांगून कुणाला कळत नाही. फोटो काढला की आधी निगेटिव्ह तयार व्हायची. तिच्यावर सगळं उलटं: काळे केस पांढरे, पांढरा सदरा काळा. चेहऱ्यावरचा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसायचा. तिथे पेन्सिलीचं शिसं भरलं की प्रिंटवर तेवढी जागा उजळ यायची आणि डाग जायचा. तिरप्या काचेचं लाकडी डेस्क, त्याखाली आरसा, आरशातून वर येणारा खिडकीचा उजेड, वाळूकागदावर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल. एवढा माझा संसार. हायपोचा, फोटो धुवायच्या रसायनाचा, वास माझ्या साड्यांना सुटीच्या दिवशीसुद्धा यायचा.

स्टुडिओचे मालक दस्तगीर मुजावर मास्तर फार बोलायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"रेघ नको, पोरी. रेघ लगेच दिसते. ठिपका दे. ठिपक्याशेजारी ठिपका. त्याची कातडी बघणारा आपणच करून घेतो." मग पेन्सिल परत देत म्हणाले, "आणि ध्यानात ठेव. आपण नजरेला मदत करायची, फसवायचं नाही."

"मदत कुठे संपते आणि फसवणूक कुठे सुरू होते, मास्तर?"

"ते गिऱ्हाईक सांगतं," ते म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत सूर्यग्रहण झालं. मला पाचवा महिना होता. पोटुशीने ग्रहणात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, सुरीला हात लावायचा नाही, ही सासूबाईंची ताकीद. सगळी मिरज दारं लावून घरात बसलेली, आणि त्याच दुपारी माझ्या डेस्कवर एका मेलेल्या माणसाचं काम होतं. जन्मात त्याने फोटो काढून घेतला नव्हता. होता तो शेवटचा, डोळे मिटलेला. तेराव्याला भिंतीवर लावायला घरच्यांना उघड्या डोळ्यांचा फोटो हवा होता. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. निगेटिव्हवर पापणीच्या जागी बारीक सुरीने खरवडलं की प्रिंटवर काळं बुबुळ उमटतं. खिडकीतला उजेड पितळेसारखा झाला, आरसा काळवंडला. मी पाचेक मिनिटं थांबले आणि पुन्हा खरवडू लागले.

जूनमध्ये रेणू झाली. दुपट्यातला तो डागाचा गाल सासूबाईंनी एकदाच बघितला आणि म्हणाल्या, "सुरी लागली."

माझा ग्रहणावर विश्वास नव्हता, आजही नाही. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच रुंदावलेल्या असतात, एवढाच तो प्रकार, हे मी पुढे वाचलं. पण ज्यावर विश्वास नाही अशी गोष्टही माणूस आयुष्यभर निस्तरत बसतो. रेणूच्या पहिल्या वाढदिवसाची निगेटिव्ह डेस्कवर आली आणि मी पेन्सिल उचलली. त्यानंतर थांबले नाही. बालवाडीचा ग्रुप, गौरीपुढची रेणू, दहावीच्या निकालाची रेणू. रंगीत फोटो आले तेव्हा ब्रशने, कॉम्प्युटर आला तेव्हा माउसने. आपल्या स्वतःच्या चेहऱ्याने बसलेली रेणू घरातल्या एकाही फोटोत उरली नाही.

एक प्रिंट तेवढी वाचली होती. पहिल्या वाढदिवसाची, मी पेन्सिल लावायच्या आधी मास्तरांनी गुपचूप काढलेली. रेणू कॉलेजला निघाली तेव्हा त्यांनी ती पाकिटात घालून तिला दिली. मला ते वीस वर्षांनी कळलं.

ती चोवीस वर्षांची झाली तेव्हा स्थळांना पाठवायचा फोटो मी तीन दिवस खपून केला. माझ्या हातून झालेलं ते सर्वांत चांगलं काम. सांगलीहून एका घरची माणसं आली. रेणूने चहा दिला. मुलाच्या आईने कप रिकामा केला, पदराने ओठ टिपले आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "आणि फोटोतली मुलगी कुठे आहे? धाकटी का ती?"

बाईंना टोमणा मारायचा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

मंडळी गेल्यावर रेणूने कपबशा विसळून पालथ्या घातल्या. "आई, ती फोटोतली तुझी मुलगी आहे," ती म्हणाली. "तिचं लग्न कर तू." पंधरा दिवसांत ती बंगळुरूला नोकरीला गेली. वर्षातून एकदा यायची, दोन दिवस राहायची, आणि कुणी फोटो काढायला लागलं की उठून आत जायची.

*

दोन हजार चौतीस साली माझे डोळे गेले. डोळ्यातल्या पडद्याचा मध्यभाग वयामुळे झिजतो, त्यातला प्रकार. कड शाबूत राहते. बाजूने येणारी सायकल दिसते, समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही. चार वर्षांनी मिरजेतल्या एका हॉस्पिटलात 'पूर्णिका' नावाचं नजरेचं यंत्र बसवायला लागले, हे रेणूने बंगळुरूहून शोधून काढलं आणि माझं नाव घातलं.

डॉ. मगदूम बाईंनी शस्त्रक्रियेआधी मला समोर बसवून सगळं समजावलं. पडद्याच्या मेलेल्या भागाखाली तांदळाच्या कणीएवढी चकती बसवायची. तिच्यावर चारशे बिंदू. चष्म्यातला कॅमेरा बघणार आणि त्यातले योग्य ते बिंदू पेटवणार.

"चारशे ठिपक्यांत माणूस मावतो का हो?"

"मावत नाही. म्हणून तर गेस्टाल्ट."

गेस्टाल्ट म्हणजे अख्खा आकार. सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी असं दाखवून दिलं की मन तुकड्यांची बेरीज करून वस्तू बघत नाही. ते आधी अख्खं बघतं, तुकडे मागाहून मोजतं. जवळजवळचे ठिपके आपल्याला एका गटातले वाटतात. सारखे दिसणारे एकमेकांचे सोबती वाटतात. वळत जाणारी रेघ मध्ये तुटली तरी नजर ती पुढे नेते, वर्तुळाला फट असली तर बुजवते. पानांत बसलेला पोपट हलेपर्यंत दिसत नाही, पण हलला की चोच, पंख, शेपूट एकाच दिशेने सरकतात आणि त्यांचा एकदम पोपट होतो. मग तो पुढे येतो आणि झाड मागे जातं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा, की एकच गोष्ट अनेक रीतींनी दिसू शकत असेल, तर मन त्यातली सर्वांत सोपी आणि नीटस रीत उचलतं.

"हे आमच्या मास्तरांनी सांगितलेलंच की," मी म्हटलं. "कातडी बघणारा आपणच करून घेतो."

"हुशार होते तुमचे मास्तर." डॉक्टर हसल्या. "पूर्णिका तेच करते. सगळं पाठवत बसत नाही. ज्यातून तुमचं मन अख्खं उभं करील तेवढेच ठिपके पाठवते. ओळखीच्या माणसांच्या बाबतीत तर ती आणखी पुढे जाते. माणूस कोण ते एकदा ओळखलं, की उरलेला चेहरा साठवलेल्या फोटोंवरून भरून घेते. तेव्हा घरच्यांचे फोटो लागतील."

आणि एक सूचना त्यांनी दिली, ती मी तेव्हा कानाआड केली. "चष्मा काढलात तर कडेची नजर तुमची तुम्हाला आहेच. समोर न बघता वस्तूच्या बाजूला बघायचं, मग थोडंफार दिसतं. त्याचीही सवय ठेवा."

रेणूचा फोन आला. "माझे फोटो मी इथून पाठवते. तू काही देऊ नकोस."

मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याची ट्रंक रिक्षात घालून हॉस्पिटलात नेऊन दिली. दोनशे बारा फोटो. माझ्या मनात काही डाव नव्हता. घरच्या माणसांचे फोटो कुणी मागितले तर आपण चांगलेच काढून देतो ना.

*

"रेणूताईंनी अकरा फोटो पाठवले," पहिल्या दिवशी, रेणूच्या त्या उत्तरानंतर, डॉक्टर म्हणाल्या. "त्यांत डाग आहे. तुमच्या दोनशे बारांत नाही. यंत्राने सोपा अर्थ लावला, आजी. डाग म्हणजे त्या अकरा फोटोंत पडलेली सावली असं समजून तो वगळला."

"आणि हसू?" रेणूने विचारलं. "मी आत्ता हसत नाहीये. तिला मी हसताना दिसतेय ना?"

"फोटोत माणसं हसतातच," डॉक्टर ओशाळून म्हणाल्या.

उपाय होता. रेणूने दोन तास कॅमेऱ्यासमोर बसायचं, बोलायचं, गप्प राहायचं, चिडायचं. यंत्र जुना चेहरा पुसून तिचा खरा चेहरा शिकणार. मात्र ते बेचाळीस दिवसांच्या आत. तोवर मेंदू ठिपक्यांची भाषा शिकत असतो. ती पक्की झाल्यावर त्यात हात घातला तर ओळखीचे सगळेच चेहरे विस्कटतात. दोन रुग्णांच्या बाबतीत तसं झालं होतं. म्हणून बेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी पाचला यंत्र आपलं आपण कुलूप लावून घेतं.

"संमती तुमची लागेल," डॉक्टर मला म्हणाल्या. "डोळे तुमचे आहेत."

"येत्या सोमवारी करू," रेणू म्हणाली.

"हो. जरा डोळा बसू दे," मी म्हटलं.

रेणू तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. उपग्रहाच्या चित्रांवरून धरणांतला गाळ मोजायचं तिचं काम होतं. बंगळुरूचं घर सोडून, माझ्याकडे कायमची राहायला म्हणून, ती चार खोकी घेऊन आली होती. त्यांतली दोन उघडली. दोन तशीच पलंगाखाली सारली.

"ती का नाही उघडत?"

"तुझ्या यंत्राला माझा चेहरा शिकव, मग उघडते. उगाच परत भरायला नकोत."

ती हे हसत म्हणाली की कशी, मला माहीत नाही. मला ती सदाच हसताना दिसत होती.

आता लपवायचं ते काय. ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे होते. मी जिला तीन दिवस खपून घडवली होती ती मुलगी माझ्या घरात चालत होती. गॅस पेटवत होती, पडदे धुवत होती, खिडकीशी उभी राहून केस विंचरत होती. केस पांढरे, पण गाल असा की पेन्सिलीला जागा नाही. सासूबाईंना दाखवावी असं वाटायचं. सांगलीच्या त्या बाईंना दाखवावी असं वाटायचं. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे बघताना मला सुरी आठवत नव्हती.

पहिल्या सोमवारी मी डोळ्यांतून पाणी येतंय म्हटलं. दुसऱ्या सोमवारी सर्दी होती, ती खरी होती. तिसऱ्या सोमवारी मी म्हटलं, "आज अमावास्या आहे गं."

"ग्रहणात सुरी चालवणारी बाई अमावास्या बघते होय?" रेणू म्हणाली. पण तिने रिक्षावाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. चौथा सोमवारही असाच गेला.

तिसाव्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर बसून कोथिंबीर निवडत होती.

"आई, तू मला कधी पोन्नप्पाबद्दल विचारलं नाहीस."

"कोण पोन्नप्पा?"

"आमच्या ऑफिसात होता. कर्नाटकातल्या कोडगूचा. नऊ वर्षं आम्ही एकत्र राहिलो. तू एकदा फोन केलास तेव्हा त्याने उचलला होता, आणि तू चुकीचा नंबर म्हणून ठेवून दिलास."

ते मला आठवत होतं. नंबर चुकीचा नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं.

"मला राग आला की हा डाग आधी गडद होतो," ती म्हणाली. "रडायला येणार असलं तरी होतो. मी बोलायच्या आधी त्याला कळायचं. म्हणायचा, तुझ्याशी खोटं बोलायची सोयच नाही, तू आधीच सांगून टाकतेस. दोन वर्षांपूर्वी गेला तो. सकाळी ब्रश करता करता. मी बाथरूमचं दार ठोठावत बसले होते, पाणी वाया जातंय म्हणून ओरडत होते."

ती बोलत होती आणि समोर तो चेहरा होता. गोड, शांत, फोटोसाठी ओठ जरासे विलगलेले.

"आणि हसतेस काय अशी?" माझ्या तोंडून गेलं.

ती कोथिंबीर निवडायची थांबली. "मी हसत नाहीये, आई. मी रडतेय."

मी हात पुढे केला. माझी बोटं तिच्या गालाला लागली तेव्हा गाल ओला होता. आणखी काहीतरी लागलं. कातडी जाड होती, खडबडीत, वाटाण्यासारखे उंचवटे असलेली. मला दिसत होतं ते गुळगुळीत होतं. मी घाबरून हात मागे घेतला.

तिने ते बघितलं.

"माझ्या कामात डाग म्हणजेच माहिती असते," ती म्हणाली. "एखाद्याने धरणाच्या चित्रातले डाग पुसून दिले, तर मी त्याला काढून टाकीन." मग पाटी उचलून आत गेली.

त्या दिवशी मी ठरवलं की सोमवारी जायचं. रविवारी सकाळी तिने खिडकी उघडली, उजेड तिच्या गालावर पडला, आणि मी पुन्हा ढिली पडले. दोन दिवसांनी, ती भाजी आणायला गेली असताना, मी हॉस्पिटलला फोन केला आणि म्हटलं, आहे ते ठीक आहे, काही बदलायचं नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी रेणूने स्वतःच वेळ ठरवायला फोन लावला. पोळ्या लाटत होती म्हणून फोन ओट्यावर ठेवून स्पीकरवर. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, आजींनी गेल्या आठवड्यातच नको म्हणून कळवलंय."

लाटणं थांबलं. मी ताटावर बसले होते.

"बरं," रेणू फोनला म्हणाली. "उद्या पाचपर्यंत संमती दिली तर चालेल ना?"

"चालेल, मॅडम. पाचपर्यंत."

तिने पोळी तव्यावर टाकली, भाजली, माझ्या ताटात वाढली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"का, आई?"

"या वयात कशाला आता ते सगळं..."

"माझं वय की तुझं?"

मी पोळीचा तुकडा मोडला.

"मी काही मागत नाही," ती म्हणाली. "उद्याचा दिवस आहे अजून."

बेचाळिसावा दिवस आम्ही दोघींनी बाहेरच्या खोलीत काढला. ती खुर्चीत, मी पलंगावर. मी चष्म्यातून अक्षरं मोठी करून वर्तमानपत्र वाचत होते. जाहिरातीसुद्धा वाचल्या. मनाशी म्हणत होते, दोन वाजता बोलेन. मग म्हटलं, चहानंतर. चहा झाला. चार वाजता मी तिच्याकडे मान वर करून बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, आणि इतकी सुंदर दिसत होती की मी पुन्हा मान खाली घातली. हॉस्पिटल दहा मिनिटांच्या अंतरावर. साडेचारपर्यंत वेळ होता. पावणेपाचला फोनवरूनही चाललं असतं. पाच वाजता चष्म्याच्या काडीवर बारीक निळा दिवा लागला आणि विझला.

रेणू उठली. पलंगाखालची दोन खोकी तिने ओढून बाहेर काढली. ती भरलेलीच होती.

*

सकाळी साडेनऊला रिक्षा आली. खोकी आधी गेली. रेणू चपला घालून दारात उभी राहिली.

"औषधं डब्यात लावून ठेवलीत. मगदूम डॉक्टरांचा नंबर फोनवर एक दाबलं की लागेल."

"थांब ना," मी म्हटलं.

"कशासाठी?"

चष्म्यातून ती दिसत होती. चोवीस वर्षांच्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची, प्रसन्न. जणू लग्न ठरलं होतं आणि ती सासरी निघाली होती. तो चेहरा मला एकाएकी सोसवेना. मी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

ठिपके विझले. मधोमध राखाडी भोक परत आलं आणि दारातली रेणू त्यात नाहीशी झाली. मग डॉक्टरांचं बोलणं आठवलं: समोर बघायचं नाही, बाजूला बघायचं. मी मान वळवली आणि नजर दाराच्या कडीवर नेली. लोखंडी कडी, आमच्या लग्नाच्या वर्षी बसवलेली.

आणि कडेला रेणू आली.

धूसर होती, ओल्या कागदातून दिसावी तशी. पण तीच होती. गाल खाली ओघळलेले, तोंडाभोवती दोन खोल घड्या, अठ्ठावन्न वर्षांचं थकलेलं तोंड. आणि डाग. लहानपणी गुलाबी होता, तिच्या विशीत जांभळट लाल होता. पुढे वयाबरोबर दाट झाला, फुगला, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरला, हे मला माहीतच नव्हतं. मी बघितलंच नव्हतं. बघता बघता तो गडद होत होता. जवळजवळ काळा. राग आला की आधी तोच सांगतो, असं ती म्हणाली होती. रडायला येणार असलं तरी.

मी कडीवरची नजर हलू दिली नाही. हलवली असती तर ती गेली असती. इतक्या वर्षांनी हाती लागलेली ती, मी श्वास रोखून, कड धरून बघत होते, आणि त्या बघण्यात बोलायचंच राहून गेलं.

"निघताना तरी बघशील असं वाटलं होतं," रेणू म्हणाली. "चष्मासुद्धा काढून ठेवलास."

मी तोंड उघडलं. बघतेय गं, असं म्हणायचं होतं. पण तोंड होतं कडीकडे, आणि आजवर मी तिला जे जे बघितलं म्हणून सांगितलं ते सगळं खोटं होतं. हे एकच खरं तिने कशावरून मानावं? मी मान तिच्याकडे वळवली. तिथे राखाडी भोक होतं.

पायऱ्यांवर चपला वाजल्या. रिक्षा सुरू झाली, कोपऱ्यावर जरा थांबली आणि गेली.

मी पुन्हा कडीकडे बघितलं. कडेला आता रिकामं दार होतं.